आडव्या हातानं सारवलेला कोपरा

लाडक्या सख्यास, म्हणजे हैदराबादच्या सखाराम मास्टरास,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद. मेलास तरी तू धाकटाच हायेस, नमस्कार काही मी करायची न्हाई. मला लिहिता येत न्हाई हे तुला ठाव हाय. मी सांगायलेय, माझी गोदी लिहायलीय. मधूनच थांबायलीय, "आई, मामाला असलं कुणी लिहितंय का?" म्हणून. लिही म्हणलं गुमान, मामा काही आता रागवायला येत न्हाई.

तू तिकडं तापानं गेलास. तुझा तेरावा झाला, मी रडले न्हाई. सगळी गल्ली म्हणायली, "सख्यानं परभणीचं नाव काढलं, हैदराबादेत नवाबांच्या लेकरांना टेनिस शिकवलं!" आणि मी इकडं जळायलते. मेलेल्या भावाचा हेवा करणारी बाई कधी बघितलीस का? ही बघ!

पण आज लिहायची पाळी आली ती तुझ्या शिष्येमुळं. काल आलती, तुझी रॅकेट घेऊन. पोरगी! बावीस वर्षांची असंल, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. तू पोरींना शिकवायचास? मला कधी बोलला न्हाईस. सख्या, खरं सांगते, तुझं हैदराबाद, तुझी पांढरी पँट, तुझे चांदीचे कप, सगळं गिळलं मी. ही पोरगी गिळंना झाली.

का, ते तुला ठाव हाय. बा साहेबलोकांच्या क्लबाचा चौकीदार व्हता आणि माय गेल्यावर क्लबाचं कोर्ट सारवायचं माझ्याकडं आलं. दिवसाआड अख्खं मैदान शेणकाल्यानं सारवायचं! त्यातच मला उमगलं की उभ्या हातानं, पातळ सारवलं की चेंडू उसळतो. आडव्या हातानं, जाड सारवलं की मरतो, बसूनच राहतो. हे साहेबांना ठाव नव्हतं, बाला नव्हतं. तुला मी सांगितलं. साहेबांच्या मोडक्या रॅकेटी घेऊन क्लबाच्या मागच्या भिंतीवर आपण खेळायचो तवा कोण जिंकायचं? बोल की!

तालुकदार साहेबांनी एकदा बघितलं आपल्याला. हसले. "लडकी का हाथ तो देखो," म्हणले. आणि चांगली रॅकेट दिली तुझ्या हातात. मला म्हणले, "तू कोर्ट अच्छा लीपती है." झालं. त्या दिवसापासून तू साहेबांसंगं खेळायचास आणि खेळ सुरू व्हायच्या आत मला बादली घेऊन निघायला लागायचं. बायामाणसांनी साहेबांच्या म्होरं थांबायचं न्हाई, असा बाचा हुकूम.

मग हैदराबादचा तो मोठा मार्कर आला. तुला आठवतंय ना, मार्कर म्हणजे पगार घेऊन खेळणारा, शिकवणारा, हे मला तूच सांगितलंस? त्याच्यासंगं तुझा सामना ठरला. तू बरा खेळलास तर तो तुला संगं नेणार व्हता. बानं देवाला नारळ बोलला. माझं लगीन मोंढ्यात धान्याची पोती वाहणाऱ्या हमालाशी ठरलेलं, त्याच्यासाठी कोणी नारळ बोलला नव्हता.

आता गोदे, नीट लिही. हितंच तर सगळं हाय.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी कोर्ट सारवलं. सगळं उभ्या हातानं. फक्त एक कोपरा आडव्या हातानं, जाड. तुझ्या डाव्या हाताकडचा. रोज जाता-येता मला दिसायचं, तू उन्हाच्या बाजूला उभा, साहेब लिंबाच्या सावलीत. म्हणून उन्हाच्या बाजूचा कोपरा मी मारून ठेवला. तू हरावंस म्हणून, सख्या. तू हितंच राहावंस, माझ्यासारखंच. तुझं वाईट चिंतलं मी, हे माझ्या तोंडानं सांगायलेय.

मेंदीच्या कुंपणाआड लपून बघायलते. पहिला डाव तू हरलास. चेंडू त्या कोपऱ्यात पडायचा आणि बसायचा, तू नुसता हवेत हात मारायचास. लोक हसले. मला बरं वाटलं, मग लगेच रडू आलं.

आणि मग तुमी दोघं जाग्यावरून निघालात. मला वाटलं, संपलं. तर तू सावलीत गेलास आणि तो मार्कर उन्हाच्या बाजूला आला! अगं बाई! बाजू बदलतात, हे मला ठावच नव्हतं! साहेबांनी कधी एकदा तरी सावली सोडली असती तर दिसलं असतं ना? आणि मला अख्खा खेळ कोणी बघू दिला असता तर? सारवण्यात जलम चालला आणि खेळाचा नेम ठाऊक न्हाई!

तू मग एकेक चेंडू त्याच कोपऱ्यात टाकलास. तो मोठा मार्कर घामाघूम झाला. परत बाजू बदलली तवा तू दोन पावलं पुढं उभा राहिलास, चेंडू बसायच्या आत उचलायला. तू जिंकलास. बा नाचला. घरी आलास, माझ्या नखांतलं शेण बघितलंस आणि एवढंच म्हणलास, "अक्का, हात धू." मला वाटलं, जेवायला बस म्हणायलाय.

तू गेलास. दिवाळीला यायचास, गुडघा गेला तरी ताठ चालायचास, आणि दरवेळी तेच, "अक्का, कोर्ट कसं हाय?" मला वाटायचं, चिडवायलाय. मी म्हणायची, "शेणाचंच हाय, तुझ्यासारखं सोन्याचं न्हाई झालं." तू हसायचास. त्या हसण्यानं तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

काल ती पोरगी म्हणली, मास्टर रोज शिकवायच्या आधी कोर्टावर वाकून हात फिरवायचे. ती इचारायची, काय बघता? तर म्हणायचे, "मेरी अक्का का हाथ ढूंढता हूं. उसने मुझे हराने को एक कोना लीपा था. उसी दिन मैं खिलाड़ी बना."

म्हणजे तुला ठाव व्हतं! एवढी वर्सं! आणि मला शब्दानं बोलला न्हाईस? मी इकडं एकटी जळत बसले, आणि तू तिकडं परक्या पोरींना माझं पाप कौतुकानं सांगायलतास! असं करतंय का कोणी? एकदा माझ्यावर ओरडला असतास तर मी पाय धरले असते तुझे, धाकटा असलास तरी. काल रात्री रडले मी. तेराव्याचं राहिलेलं सगळं रडले.

आता ऐक. निजाम गेला, क्लबातले साहेब बदलले. नव्या साहेबांनी कोर्ट सारवायला मलाच बोलावलंय. मी म्हणलं, सारवते, पण माझी लेक मागच्या भिंतीवर न्हाई, कोर्टात खेळंल. ते हो म्हणले.

तुझी रॅकेट गोदीला दिली मी. रडू नको गं, कागद भिजंल. सख्या, तुला शब्द देते, हिला तुझ्याहून चांगली करीन. तू बघ आणि जळ जरा, आता तुझी पाळी. जमीन कशी वाचायची ते शिकवीन, उभा हात, आडवा हात, सगळं. आणि बाजू बदलतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगीन.

हात धुऊन बसलेली,
तुझी अक्का