यिल्वाने शिवलेले लंगोट

प्रिय यिल्वा,

रविवारी इस्पितळात, तुझ्या वॉर्डात, तू आपल्या टूवाच्या पुरळाचं विचारलंस आणि मी कोट शोधायचं निमित्त करून उठलो. तुझ्या लक्षात आलंच असेल. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून लिहितो. टूवा झोपली आहे, बाहेर बाल्कनीत, दोन दुलयांत गुंडाळून. थंडीत ती घरापेक्षा छान झोपते, हे एक तरी तुझ्यावर गेलंय.

तू इस्पितळात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की लंगोट बांधणं म्हणजे पार्सल बांधणं नव्हे. तू ते गुटगुटीत मांड्यांच्या मापाने शिवलेस, आणि आपल्या लेकीच्या मांड्या माझ्यासारख्या, नुसत्या काड्या. इलॅस्टिक घट्ट केलं तर वळ उठतात, सैल ठेवलं तर मोज्यापर्यंत ओघळ. आईबाप तान्ह्या बाळांना घेऊन जमतात त्या बालगटात, गाण्यांच्या वेळी ती माझ्या मांडीवर होती. सगळे टाळ्या वाजवतायत आणि माझी जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. शेजारी बसलेला एक बाप म्हणाला, "अरे, नक्की कुणी केली, तिने की तू?" सगळे हसले, मीही हसलो. मग बाहेर येऊन बाबागाडीच्या दांड्याला धरून किती तरी वेळ तसाच उभा राहिलो. हसण्यावारी नेण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

तळघरातल्या सामाईक मशीनवर धुण्याची पाळी चार दिवसांनी एकदा. तोवर न्हाणीघरातली बादली भरून वाहते. दुसऱ्या मजल्यावरची गुनवोर आपली पाळी यायच्या आधीच तळघराच्या दारात टोपली घेऊन उभी असते. "टोरकेल, तुझ्यामागून मशीन लावलं की माझ्या चादरींना गोठ्याचा वास येतो!" आणि त्याच दमात, आवाज खाली आणून, "यिल्वा कशी आहे रे?" मी म्हणतो, बरी आहे. ती माझ्या खांद्यावर थोपटते आणि माझेच ओले लंगोट वाळवायच्या कपाटात टाकू लागते. तिचा राग येतो आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. दोन्ही करत नाही.

पुरळ मात्र वाढतच गेलं. आधी तू असतानाच दिसलेले जांघेतले लाल ठिपके, मग सगळी बैठक सोललेली. पुसायला गेलं की ती अशी ओरडायची, की माझेच हात मागे यायचे. मी जस्ताचं मलम थापलं. दर वेळी जास्त. आणि लंगोट दर वेळी जास्त गळू लागले. एकदा नळाखाली धरलेल्या लंगोटावरून पाणी सरळ घरंगळून गेलं, कापडात शिरेचना, तेव्हा उमगलं. मलम कापडात मुरलं होतं. पुरळ म्हणून मलम, मलम म्हणून गळती, गळती म्हणून पुन्हा पुरळ. मी आपला तिच्या भल्यासाठी राबत होतो आणि तिला ओल्यातच ठेवत होतो. मग भांडी घासायचा साबण लावून, कढत पाण्यात, हात भाजेपर्यंत एकेक चोळला. गळती थांबली. पुरळ हटलं नाही.

बालतपासणीच्या नर्सने टूवाला आडवं केलं, बघितलं आणि ती माझ्याकडे वळली. "अहो, बुरशी झालीय तिला. हे औषध लावा आणि बाजारातले साधे डायपर घाला की! पोर महत्त्वाची की लंगोट?" मी तिला काय सांगणार होतो? की हे फ्लॅनेल तू पोट एवढं पुढे आलेलं असताना कापलंस, माझ्या कोल्ह्यांची चित्रं असलेल्या पायजम्याचासुद्धा बळी दिलास? की पहिल्यांदा लाल ठिपके दिसले त्या दिवशी तू तिला खाली ठेवलंस, "माझ्या हातांनी तिला भाजतंय" म्हणालीस, आणि नंतर कधी उचललंच नाहीस? "पुरळ गेल्याशिवाय मी घरी येणार नाही," हे तू डॉक्टरांसमोर म्हणालीस. म्हणून मला ते तुझ्याच लंगोटांत बरं करायचं होतं. तुला दाखवायचं होतं, की बघ, तू केलेल्या कशानेही तिला काही झालेलं नाही. त्या हट्टापायी मी औषध तेवढं लावलं, डायपर नाही, आणि पोरीला आणखी तीन आठवडे रडवलं.

आता रविवारचं उत्तर. पुरळ गेलं आहे, यिल्वा. तू विचारलंस तेव्हाच गेलेलं होतं. शेवटी मी कागदी डायपर आणले आणि चार-पाच दिवसांत कातडी स्वच्छ झाली. तू घातलेली अट पूर्ण झाली, पण तुझे लंगोट काढल्यावर झाली, आणि हे ऐकून तू "म्हणजे माझ्यामुळेच झालं" म्हणशील, ते मला पाठ आहे. म्हणून तिथे बोललो नाही. तुझा चेहरा पुन्हा मिटताना मला बघवला नसता. तुझ्याच लंगोटांत बरं झालं असं खोटं बोललो असतो तर तू कदाचित घरी आली असतीस, पण मग कपाट उघडून लंगोट शोधले असतेस. ते कापड तिला सोसलं नाही, एवढंच झालं. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी तुला पटणार नाही, आणि तू येशील असं मला आता वाटत नाही. तरी येत्या रविवारी टूवाला घेऊन येतो. उचलू नकोस हवं तर. मी तिला पलंगावर तुझ्याजवळ आडवं करीन, डायपर काढीन. तू नुसतं बघ.

तुझाच,
टोरकेल