रुईनं पुसलेला प्रिंटर

बोरी अरब, जानेवारी २००७

प्रिय खेमसिंग,

आमच्या जिनिंगच्या ऑफिसात सध्या एका महाशयांनी असहकार पुकारला आहे. नाव लेझर प्रिंटर, प्रकृती नाजूक, वृत्ती तामसी. कागद दिला की अर्धा गिळतात आणि दातखिळी बसवून घेतात. पत्रं प्रविशति, न निष्क्रामति. फुलसावंगीच्या शाळेत माझं संस्कृत उतरवून तू पास झालास, तेव्हा अर्थ सांगत बसत नाही.

आधी दोष कागदावर गेला. हिशेबाच्या प्रभावतीबाई म्हणाल्या, कागद सर्दावला असन, आणि अख्खा गठ्ठा उन्हात वाळत घातला. कागद पापडासारखा वळला आणि पहिलाच अडकला. मग ट्रेखाली तांदळाचे दाणे सापडले. शिपाई डोमाजीनं दसऱ्याला सरकी काढणाऱ्या रेच्यांबरोबर प्रिंटरचीही पूजा केली होती, त्या अक्षता. आरोपी मिळाला म्हणून आम्ही चहा मागवला. चहा येईस्तोवर पुन्हा अडकला.

दर खेपेला मी झाकण उघडून फाटका कागद ओढायचो आणि डोमाजी आतला रोलर पुसायचा. कशानं? आपण चष्म्यापासून देवापर्यंत सगळं ज्यानं पुसतो त्यानंच, ढिगातून उचललेल्या चिमूटभर ताज्या रुईनं. वर मीच सांगायचो, डोमाजी, लांब धाग्याची घे, मशीन महागाची आहे. गेल्या सोमवारी तो रोलर काढून खिडकीशी धरला, तर रबरावर मांजराच्या कानावर असते तशी बारीक लव. ती लव म्हणजे आमची स्वच्छता. रबर घसरायचं, कागद तिरपा जायचा, आणि आम्ही पुन्हा रुई घेऊन हजर. ओल्या फडक्यानं पुसला, तेव्हापासून महाशय सरळ चालतात. डोमाजीच्या मते पूजा उशिरा फळली.

त्याच दिवशी प्रिंटरच्या पोटातून चिमणीच्या घरट्याएवढा रुईचा गोळाही निघाला. तो मी फेकला नाही. टेबलावर ठेवला आहे.

बाकी इकडचं जैसे थे. तू गुजरातच्या जिनिंगला गेलास तेव्हा आपले निम्मे रेचे बंद होते, ते तसेच आहेत. माल येतच नाही फारसा. तुझ्यासारख्या फिटरला इथं काम नाही हे मलाही पटतं. चालू रेच्यांवर बाया कापूस ढकलतात, त्यांत तुझी रुपीबाई. काम सुटलं की बायांना गुळाचा खडा मिळतो, घशातली धूळ उतरते म्हणून. ती आपला खाते आणि शेजारणीचाही मागते. मी चिडवलं, वहिनी, खेमसिंग नाही तर गोडावर मन गेलं वाटतं. ती हसली. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. शेवटी कापसाच्या गाठीवर टेकली. दम आल्यावर म्हणाली, "काही नाही भाऊ, रुईच त हाय. गूळ खाल्ला का उतरते. तुमच्या दोस्ताले सांगू नोका, थो काम टाकून येईन."

मी बरं म्हटलं. चार दिवस पाळलंही. पण फाटकापासून पिंपळापर्यंत जाताना ती दोनदा थांबते आणि ओढणी नीट करतो आहोत असं दाखवते. यवतमाळला डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणते, "हंगाम होऊ द्या." आणि गुळाचा खडा तोंडात टाकते. डोमाजीची रुई आणि हा गूळ यांत मला आता फरक वाटत नाही.

प्रिंटर बंद खोलीत होता रे, वरून कापडाची खोळ घातलेला. तरी त्याच्या पोटातून एवढं निघालं. रुपीबाई दिवसभर रेच्यापुढे उभी असते, तोंडावर नुसती ओढणी. समोरच्या गोळ्याकडे पाहून तिच्या छातीत काय असेल याचा विचार करतो आणि पुढचं काम सुचत नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. वचन मोडलं म्हणून ती माझ्याशी बोलणार नाही, ते मी पाहून घेईन. मला भीती वाटते, खेमसिंग. हंगाम संपायची वाट पाहू नकोस. ये.

तुझाच,
नागोराव