उजवा खांदा

सिंदेवाही, १२ जून २००३

बोरकुटे सर,

तुमाले नमस्कार नाई. हे पत्र टपालातबी टाकनार नाई.

पोलिओचा पाय घेऊन मी खुर्चीवर बसून गोळा फेकत होती. नागपूरच्या स्पर्धेआधी खांदा सुजला. मी म्हटलं, "सर, हात वर होत नाई." तुमी मले दवाखान्यात नेऊन खांद्यात सुई मारून आनली अन् म्हटलं, "आधी मेडल आन, मंग रड."

मेडल आलं, पन खांद्याची नस तुटली. त्याच बगलेत माही कुबडी राहे. तुमाले वाटलं, पोरीचा हात गेला. माहं चालनंच गेलं, सर. पाच वर्षं झाली, माय मले धरून अंगनात आनते.

मागच्या महिन्यात तुमच्या खेळाच्या पुरस्कारासाठी चौकशी कराले एक साहेब घरी आले. "सरांबद्दल दोन चांगले शब्द सांगा," म्हने. माय डोळ्यानंच 'नको' म्हनत होती. मी डॉक्टरचे कागद देल्ले, सारं सांगतलं अन् खाली सही केली.

काल समजलं, पुरस्कार गेला अन् तुमची नोकरीबी. मी पोटभर जेवली.

आज शेजारची सोमारी आली. तिची पोरगी एका हाताची, पन लय धावते. विचारे, "मैदानावर पाठवू का नको?"

"पाठव," मी म्हटलं. "आता तिथं दुसरे सर येतीन."

रीता