लाईन गेली तरी चालतं

अमरावती,
मे २००५

प्रिय रागिणी,

तू मोर्शीला आईकडे गेल्यापासून फोनवर नुसतं ‘बरी आहे’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून आज कागदच घेतला.

आधी दुकानाची बातमी. तू लग्नाआधी इथे ज्या कॉम्प्युटरवर छपाईसाठी लग्नपत्रिका लावायचीस, तो आता थकला. त्यात हे भारनियमन. लाईन गेली की यूपीएस दोनदा ओरडतो आणि अर्धी पत्रिका घेऊन बंद पडतो. अकोल्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराने मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप वापरून बघायला दिला. टेबलावरच्या कॉम्प्युटरची जागा घेतो म्हणाला. मी काही लगेच विश्वास ठेवला नाही. पण पत्रिकेची दोन्ही पानं शेजारी-शेजारी दिसतात, आणि ज्याशिवाय मराठी सॉफ्टवेअर उघडतच नाही, ते लॉकही मागच्या पोर्टात नीट बसलं. खोडीही आहेत. बाजूने पाहिलं तर कुंकवाचा लाल रंग शेंदरी दिसतो. कीबोर्डवर बोटं अडखळतात, म्हणून मी आपला जुनाच जोडला. मांडीवर ठेवायची सोय नाही, इतका तापतो. आणि वजन असं, की अब्बांनी बॅग उचलून बघितली आणि मुकाट्याने खाली ठेवली.

नेऊन बघावा म्हणून शेंदूरजनाघाटला गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याला संत्र्याच्या पेट्यांची लेबलं बदलून हवी होती. माल कमी झालाय, तरी लेबल नवं पाहिजे. रस्त्याने दोन्ही बाजूंना वाळलेली झाडं तोडून रचलेली होती. तुमच्याही बागेतली निम्मी गेली, हे तू सांगितलं नव्हतंस.

काम झाल्यावर मी गावातच तुझ्या सासरी गेले. मुद्दाम गेले, रागावू नकोस. तू वरुडला टायपिंगचं काम धरायचं म्हणालीस तेव्हा सासऱ्यांनी नाही म्हटलं, त्यापेक्षा नवरा असून पियुषचं गप्प राहणं तुला जास्त लागलं, हे मला ठाऊक आहे. मी त्यातलं काहीच काढलं नाही. तुझ्या सासूने, गोदाबाईंनी चहा दिला, जरा वेळाने जेवायलाच बसवलं. गाडीला वेळ होता, म्हणून खिडकीपाशी एक उरलेलं लेबल पुरं करायला घेतलं. तेवढ्यात पंखा थांबला. तुझे सासरे खुशालराव ओसरीवरून आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

“लाईन गेली तरी हे चालून राहिलं?”

चालतं, पण जास्त वेळ नाही, असं मी खरं तेच सांगितलं. मग ते बाजेवर बसले आणि एकेक विचारत गेले. काम कुठून येतं, तयार झालेलं कसं पोचवायचं. मी सांगितलं, सीडी एसटीने येते-जाते.

“म्हंजे तिले दुकानात बसा लागत नाही.”

लागत नाही, मी म्हटलं. पण तिला बसावंसं वाटलं तर?

गोदाबाई दारात येऊन थांबल्या. मला वाटलं, आता मला उठायला सांगतील. खुशालरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“तर बसंन,” ते म्हणाले.

बॅग घेऊन स्टँडपर्यंत पियुष आला. गाडी लागल्यावर खाली बघतच विचारलं, “ती बोलंन का माह्याशी?” मी म्हटलं, ते तिलाच विचार. त्याचा फोन आला नसेल, तर मला कळव.

लॅपटॉप मी ठेवून घेतला आहे. दुकानासाठी नाही, माझं जुन्यावर भागेल. तो तुझ्यासाठी आहे, काम मी इथून पाठवीन. निघताना तुझे सासरे म्हणाले होते, “तिले ये म्हना. मले असं लिवता नाही येत, तुमीच लिवा.” त्यांच्यासाठीही हे पत्र लिहिलं. पण त्यात माझं एक घालते. परत जाशील तरच काम मिळेल, असं मुळीच नाही. तुझा अजून राग असेल तर असू दे. एकाच गाडीच्या रस्त्यावर दोन्ही गावं आहेत. लॅपटॉपची बॅग घेऊन मी मोर्शीला उतरू की पुढे तुझ्या सासरी जाऊ, तेवढं तू ठरव आणि फोन कर.

तुझ्या फोनची वाट बघत,
तुझीच,
नईमा