अनोळखी परीक्षक

१ जुलै

परीक्षकांची नावं आली! दोन. एक फॅरो बेटांवरचा कोणी गृहस्थ, त्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही. आणि दुसरी मॅटेया पोर्तेली. आमची मॅटेया! तीन दारं सोडून राहते. शाळेत असताना तिला पहिल्यांदा व्यासपीठावर मी उभं केलं. पाय लटपटत होते पोरीचे. आज ती विद्यापीठात शिकवते, आणि मी पंचावन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी! मला अजून मावशी म्हणते. नातं शोधलं तर चौथ्या-पाचव्या पिढीत सापडेल. या बेटावर ते कुणाचं सापडत नाही?

मागच्या वेळी प्राध्यापक स्पिटेरींनी नापास केलं. शेरा एका ओळीचा — ‘हे भाषण आहे, प्रबंध नाही.’ छोट्या बेटावर माणसं तक्रार का करत नाहीत, हा माझा विषय. बोटीवरच्या कामगारांसाठी तीस वर्षं घसा फोडला, आणि सरकारदरबारी काय म्हणतात? लोरेता ओरडते. म्हणून ही पदवी हवी. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कागदावर लिहून द्यायचं, म्हणजे कानावर हात ठेवायची सोय उरणार नाही.

प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायची संधी नियमाने एकदाच. ती मी घेतली. आता पडले तर पदवीऐवजी नुसती पदविका घेऊन घरी.

३ जुलै

अभ्यासक्रमाची नियमावली पुन्हा वाचून काढली. कामगारांचे करार वाचायची सवय — मजकूर गुळगुळीत असेल तिथे नख लावून बघायचं.

नियम नऊ. परीक्षक हा उमेदवाराचा नातेवाईक, स्नेही किंवा वैरी नसावा. हे लिहिणारा माणूस दहा लाख वस्तीच्या शहरात जन्मला असणार! बेटांच्या अभ्यासक्रमाचा नियम, आणि बेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मोठ्या देशांत अनोळखी माणसं रस्त्यावर फुकट मिळतात. आम्ही ती आणायची कुठून?

तेच निनूला बोलून दाखवलं. निनू विभागाच्या कचेरीत असतो, माझ्या नवऱ्याचा, त्याला शांती लाभो, चुलतभाऊ. तो म्हणाला, “वहिनी, हा नियम शब्दशः पाळला ना, तर तुला तपासायला आपल्या या गोझो बेटावर फक्त शेळ्या उरतील. आणि त्यातल्याही निम्म्या तुझ्या सासरच्या.”

नियम लिहिला कोणी? परीक्षा समितीचे अध्यक्ष स्पिटेरी. ते पलीकडच्या मोठ्या बेटावरचे असले तरी आजोळ आमच्याच नादुर गावातलं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. मग का लिहिला?

८ जुलै

सकाळची बोट. विद्यापीठात जायला निघालेली मी वरच्या डेकवर बसले होते. मॅटेया जिन्याने वर आली, मला पाहिलं — नक्की पाहिलं — आणि वळून खाली गेली.

आमच्याकडे जो मागून येतो तो आधी बोलतो. दोन शब्द, ‘बोंजू’ आणि नाव. इथे ते विसरलं असं होत नाही. न बोलणं म्हणजे भांडण जाहीर करणं. लोकांनी पाहिलंसुद्धा. तिकीट तपासणारा माझ्याकडे बघून खाली मान घालून गेला.

९ जुलै

डोळे दिपले असतील. ऊन होतं.

१५ जुलै

ऊन नव्हतं! आज पुन्हा तेच. या खेपेला मीच आधी बोलायला तोंड उघडलं, तर ती फोन कानाला लावून उभी. फोन चालू नव्हता. काच काळी होती, मला दिसली.

२१ जुलै

माझी थोरली बहीण दोलोर पाव भाजते. सांगत होती, मॅटेया आता दुकानातसुद्धा येत नाही. वरच्या आळीतून पाव घेते, तो शिळा असतो तरी. रविवारी सातच्या प्रार्थनेला यायची, ती आता पहाटे पाचला म्हाताऱ्यांबरोबर जाते.

मी दरवर्षी तिला घरी खारवलेल्या केपरच्या कळ्यांची बरणी देते. पाठवली होती. आज माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली सापडली. झाकणसुद्धा उघडलेलं नाही, चिठ्ठी नाही, काही नाही.

बरणी परत! आमच्या गावात लग्नं मोडली तरी बरण्या परत येत नाहीत.

दोलोर म्हणाली, “अगं लोरे, तिलाच विचार ना एकदा. जीभ आहे की तुला, साऱ्या बंदराला पुरेल एवढी.”

मी का विचारू? मागून आली ती. बोलायचं तिने.

२९ जुलै

आता समजलं. बोट आमच्या इम्जार बंदराला लागली तेव्हा खाली गाड्यांच्या डेकवर उतरले, तर स्पिटेरींच्या गाडीतून कोण उतरावं? मॅटेया. बोटीच्या भोंग्यात शब्द ऐकू आले नाहीत, पण दोघं बराच वेळ बोलत असावीत.

मला पाहताच मॅटेया पायऱ्यांवरून नाहीशी झाली. स्पिटेरी मात्र हसत पुढे आले. “काय बाई, घसा बरा आहे ना?” म्हणाले. “तोंडी परीक्षेला लागेल.”

मी म्हटलं, माझ्या घशाची काळजी करू नका, तुमच्या कानांची करा. ते आणखी हसले. हसणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. भांडणारा निदान समोर तरी असतो.

घरी येऊन विचार केला. मॅटेयाची नोकरी अजून कच्ची आहे. पक्की कोण करणार? स्पिटेरी. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कशावर? बोटींच्या वेळा ठरवणाऱ्या सल्लागार मंडळावर, जिथे पंधरा वर्षांत एकाही प्रवाशाने लेखी तक्रार केली नाही. मंडळाचे प्रमुख कोण? स्पिटेरी!

पोरीला विकत घेतलं त्यांनी. तिला माझ्या नजरेला नजर देता येत नाही, यात नवल काय?

३० जुलै

झोप चांगली लागली नाही. व्यासपीठावर पाय लटपटणारी पोर आठवत राहिली. तेव्हा तिला सांगितलं होतं, लोकांकडे बघ, पाय विसर. आता ती लोकांकडे बघायचंच विसरली.

५ ऑगस्ट

नियमावलीत आणखी एक कलम आहे. परीक्षकाबद्दल कोणीही आक्षेप नोंदवू शकतो. उमेदवार, शिक्षक, कोणीही. नाव गुप्त राहतं. जागा रिकामी झाली तर अध्यक्ष ती भरतात.

दोलोरला सांगितलं की आक्षेप घेणार. ती कणीक मळत होती, थांबली. म्हणाली, “शेजारच्या पोरीवर?”

शेजारच्या पोरीवर! पाहा, हेच! हेच मी दोनशे पानं लिहिलं आहे! कोणी तक्रार करत नाही, कारण समोरचा शेजारचा असतो, मामाचा असतो, एकाच हौदावर बाप्तिस्मा झालेला असतो. मग सगळे गप्प बसतात आणि त्या गप्पपणाला आपण प्रेम म्हणतो. मोठ्या देशांत भीती पोलिसांची असते. आमच्याकडे भीती उद्याच्या ‘बोंजू’ची असते! कोणीतरी हे मोडायला हवं. मी लोकांना इतकी वर्षं काय सांगत आले? आणि स्वतःची पाळी आल्यावर पावाचं दुकान आठवून गप्प बसू?

एवढं सगळं मी तिथेच उभं राहून बोलले. दोलोर ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “भाषण चांगलं झालं. पण विचारलं असतंस तर बरं झालं असतं.”

६ ऑगस्ट

आक्षेप दिला. कारण लिहिलं — परीक्षक मॅटेया पोर्तेली आणि उमेदवार यांच्यात उघड वैर आहे, सारं गाव साक्षीला आहे. खाली नाव ठळक लिहिलं. निनूने कागद घेतला आणि नावावर पट्टी चिकटवली. मी म्हटलं, काढ ती पट्टी, मी कोणाला भीत नाही. तो म्हणाला, “तू भीत नसशील वहिनी. नियम भितो.”

१५ ऑगस्ट

सांता मरियाचा सण. मिरवणुकीत मॅटेया समोरच्या रांगेत होती. एकदाही मान मागे वळली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आपण योग्य केलं याचा. पुरेसा झाला नाही.

२ सप्टेंबर

समितीची बैठक आज आहे. बोटीवर तीच तीच कलमं मनात म्हणत राहिले. एकच अंदाज — जागा रिकामी झाली तर स्पिटेरींना बाहेरचाच माणूस आणावा लागेल. आइसलंडचा, शेटलंडचा, कुठलाही. बाहेरच्याला आमच्या हेव्यादाव्यांत रस नसतो. तो फक्त वाचेल. मला एवढंच हवं आहे, कोणीतरी फक्त वाचावं.

४ सप्टेंबर

आक्षेप मान्य! मॅटेया पोर्तेली यांना मुक्त करण्यात आले आहे.

त्यांच्या जागी अध्यक्ष स्वतः काम पाहतील.

स्वतः!

निनूला फोन केला. म्हटलं, ज्याने एकदा नापास केलं तोच पुन्हा कसा? तो म्हणाला, मनाई कुठल्याच कलमात नाही, त्याने दोनदा शोधलं. मग म्हणाला, “वहिनी, तू एकदा मला विचारलं असतंस तर…” सगळ्यांचं एकच पालुपद.

ठीक आहे. शत्रू निदान आता समोर आहे. परीक्षा पंचवीस तारखेला. स्पिटेरींच्या समोर उभी राहून बोलेन. वाकणार नाही. आणि एक फितूर तरी कमी झाली.

९ सप्टेंबर

सकाळची बोट. मॅटेया जिन्याने वर आली, सरळ माझ्याकडे चालत आली. “बोंजू, मावशी.” शेजारी बसली. माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गार होते.

म्हणाली, यादीवर सही करतानाच स्पिटेरींनी बजावलं होतं — लोरेताशी बोलताना दिसलीस, तिच्या घरची एक बरणी घेतलीस तरी तिची स्नेही ठरवून तुला काढीन आणि प्रबंध मी तपासीन. म्हणून तिने सारा उन्हाळा तोंड मिटून काढला. शिळा पाव खाल्ला. एकदा त्यांच्या गाडीत बसून भांडली, तिसरं प्रकरण वगळायला सांगत होते म्हणून. प्रबंध तिने तीनदा वाचला. उत्तीर्ण केल्याचा अहवाल लिहून तयार होता.

“फक्त तीन आठवडे उरले होते गं मावशी,” ती म्हणाली. “कोणी केली असेल ही तक्रार?”

मी म्हटलं, “शोधून काढू.”