पासष्टची ओळ

३ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

डॉक्टर म्हणाले, आजारपणानंतर डोक्याला रोज काम हवं. तुम्ही म्हणालात, शब्दकोडी पोरांची असतात. घ्या मग, माझ्या ऑफिसातलंच काम! आम्ही शंभर आकडी संख्या फोडतो. तुमच्यासाठी त्यातलं पिल्लू, ३९३७. कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार? भागून बघायचं नाही, ती लबाडी. चाळणी लावायची. ६३ पासून (तिचाच वर्ग पहिल्यांदा ३९३७ ओलांडतो) एकेक संख्या घ्या, वर्ग करा, त्यातून ३९३७ वजा करा. उरलेलं फक्त २, ३, ५, ७ यांच्यातच फुटलं तर ठेवा, नाहीतर काट मारा. ठेवलेल्या बाक्यांतल्या काहींचा गुणाकार पूर्ण वर्ग झाला, की ज्या संख्यांपासून त्या आल्या त्यांच्या गुणाकारातून ३९३७ आणि त्या वर्गाचं मूळ वजा करा; उरलेल्याला आणि ३९३७ ला दोघांनाही भाग जाणारी संख्या सापडली, की फुटलीच म्हणून समजा.

दादाचं टुमणं चालूच आहे, की घर बंद करून तुम्हाला त्याच्याकडे न्यावं. मी थोपवून धरलंय.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू द्या.
तुमची खोडरबर

११ फेब्रुवारी

चि. खोडरबर हिला आशीर्वाद.

लहानपणी माझ्या प्रुफांवरच्या खुणा खोडायचीस, आता मलाच धडे देतेस होय! असो. ६३ ला ३२ उरले, पाच वेळा २, ठेवले. ६४ ला १५९, त्यात ५३ निघाला, काट. ६६ ला ४१९, मेला फुटतच नाही, काट. ६७ ला ५५२, त्यात २३, काट. एकट्या बत्तिसाला जोडीदार मिळेना. घाई नाही ना?

टेबल खिडकीशी ओढलंय. तुझं पत्र दोनदा वाचतो, एकदा मजकुरासाठी आणि एकदा चुका शोधायला. ‘आजारपण’ बरोबर लिहिलंस, शाबास.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
बाबा

१६ फेब्रुवारी

ती. बाबा,

रागवू नका. ६४ नंतर एकदम ६६? ६५ कुठे गेला? चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या गळलेल्या ओळी पकडणारा माणूस स्वतः ओळ गाळतो, हे बघून मी तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मधलंच काही निसटतंय का, हेच डॉक्टरांनी बघायला सांगितलं होतं. दादाला कळलं तर उद्याच गाडी घेऊन दारात उभा राहील. अजून बोलले नाही. खरं सांगा, लक्षात आलं नाही का?

काळजीत,
खोडरबर

२० फेब्रुवारी

अगं वेडाबाई,

६५ ला २८८ उरतात. त्याला बत्तिसाने गुणलं की ९२१६, म्हणजे ९६ चा वर्ग. ६३ गुणिले ६५ म्हणजे ४०९५. त्यातून ३९३७ गेले, उरले १५८. त्यातून ९६ गेले, ६२. आता ६२ ला आणि ३९३७ ला, दोघांनाही ३१ ने भाग जातो. ३१ गुणिले १२७! पहिल्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत. नेमकी तीच ओळ गाळायची तर उत्तर आधी कळायला नको का? दादाला हे पत्र दाखव.

लबाडी केली खरी. संख्या फुटली की तुझी पत्रं थांबतील, असं वाटलं. तू कामातली माणूस, उगाच कशाला लिहिशील? पण तुला घाबरवलं, कान पकडतो.

बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबा, सा. न.

मला चांगलीच शेंडी लावलीत! आधी रडले, मग हसले. दादाने तीनदा गुणाकार करून पाहिला, आणि घर बंद करायचं पुन्हा नाव काढणार नाही म्हणाला.

या पत्रात संख्या नाही. शोधत बसू नका, मुद्दाम गाळली आहे.

तुमचीच,
खोडरबर