ट्रक तेवढा घ्यायचा राहिलाय

३ मार्च
घर विकलं. सह्या झाल्या. किल्ल्या पंधरा मेला द्यायच्या. आणि काल विचिटाच्या प्रदर्शनात नवं घर घेऊनही टाकलं. बेचाळीस फुटी ट्रेलर, आत शेकोटीसुद्धा. आता आयुष्यभर चाकांवर.

लोरीनने विचारलं, हे ओढणार कशाने? आमच्या हिला नेमकी शेवटची गोष्ट आधी सुचते. ट्रक तेवढा घ्यायचा राहिलाय. आठवड्याचं काम.

मेरिडिथचं, म्हणजे आमच्या लेकीचं, बाळंतपण दोन जूनच्या आसपास, तिकडे बॉयझीला. लोरीनची एकच अट: बाळाच्या आधी आपण तिथे पोचायचं. पहिल्या नातवंडाची बातमी ती फोनवर ऐकणार नाही म्हणाली. मी शब्द दिलाय. पंधराला निघून आरामात वीसला पोचतो.

६ मार्च, सकाळी ७
गावच्या शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीत कॉफी. तिथल्या मंडळींनी जन्मभर गुरं आणि गहू ओढलाय, म्हणून त्यांचा सल्ला घ्यायचं ठरवलं. घेतला. म्हणजे माझं काय ठरलंय ते सांगितलं: सगळ्यात मोठं डिझेल इंजिन, चामड्याच्या सीटा, छताला काच.

त्यांच्यातल्या वेंडेलने कप जरा फिरवला आणि म्हणाला, हं, तसंही करता येईल, मास्तर. बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. आमच्या भागात तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, हे खरं. पण हे चक्क हो होतं. एकमताने.

१९ मार्च
आठवडा जरा लांबला. ट्रक विकणारा ट्रेंट माझाच विद्यार्थी निघाला, बीजगणितात दोनदा नापास. त्याच्याकडच्या पत्रकावर लिहिलंय की हा ट्रक वीस हजार पौंड ओढतो. आपला ट्रेलर भरून सोळा हजार. चार हजार शिल्लक! एकतीस वर्षं गणित शिकवल्याचा हा फायदा.

वेंडेलने विचारलं, ड्रायव्हरच्या दाराआतलं पिवळं स्टिकर वाचलंत का? मी सांगितलं, ती स्टिकरं वकील लिहितात. तो म्हणाला, असेल बुवा.

२८ मार्च
घेतला! लालभडक. लोरीनला चढायला स्टूल लागतं, पण एकदा चढली की राणीसारखी दिसते. तिने पुन्हा विचारलं, नक्की ओढेल ना? मी पत्रक दाखवलं. म्हणाली, यातला माणूस हसतोय ते दिसतंय मला, मी वेगळं विचारलं. काहीही.

२ एप्रिल
स्टिकर वाचलं. सहज, कुतूहल म्हणून. माणसं आणि बोजा मिळून १,९४० पौंडांच्या वर नको, असं लिहिलंय. आता आपला ट्रेलर काही मागच्या हुकाला लटकत नाही. त्याचं नाक थेट ट्रकच्या पाठीवर बसतं. त्या नाकाचंच वजन ३,२००.

तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा उत्तर तेच. हेच मला संशयास्पद वाटतं.

ट्रेंटला फोन. म्हणाला, सर, ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. मोठं डिझेल जड, सीटा जड, काच जड, सगळं त्या १,९४० मधून आधीच वजा झालंय. साधा ट्रक घेतला असता तर जास्त पेलला असता. मी ओरडलो, मग गाढवा, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, सर, तुम्ही विचारत नव्हता, सांगत होता. हा मुलगा शाळेतही असाच उलट बोलायचा.

लोरीनला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

१६ एप्रिल
वजन कमी करायची मोहीम. लोरीनचं शिवणयंत्र गेलं. मुरांब्याच्या बरण्या गेल्या. तिच्या आईचे तीन बिडाचे तवे बहिणीकडे पाठवले. तवे तिने स्वतः कागदात गुंडाळले. माझी आरामखुर्ची राहिली, कारण पाठ. बोलिंगचे दोन्ही चेंडूही राहिले, कारण एक नेऊन दुसरा ठेवण्यात अर्थ नाही.

ट्रकच्या मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्याही लावून घेतल्या. आता मागून अजिबात बसत नाही. प्रश्न मिटला. वेंडेल म्हणाला, दिसायला सरळ दिसतोय खरा.

१५ मे
किल्ल्या दिल्या. लोरीन रिकाम्या स्वयंपाकघरात बराच वेळ ओट्यावर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, चल, रस्ता वाट बघतोय.

निघालो मात्र नाही. वारा. ट्रेलर सोसायटीच्या मागच्या खडीवर उभा आहे, तूर्त तिथेच राहतोय. वारा पडला की निघू.

२१ मे
वारा. लोरीन म्हणाली, लोवेल, तू कॅन्ससमध्ये वारा पडायची वाट बघतोयस? मेरिडिथच्या पायांवर सूज आहे, डॉक्टर म्हणतात बाळ लवकरही येईल. ही रोज बॅग भरते आणि रोज माझ्याकडे बघते. आज शेवटी स्टिकरचं सांगून टाकलं. म्हणाली, मला दोन एप्रिललाच कळलं होतं, तू फोनवर केवढ्याने ओरडत होतास. मग गप्प का बसली? म्हणे, तू कधी सांगतोस ते बघत होते.

२४ मे
हा दिवस लिहू नये असं वाटतंय.

वेंडेल म्हणाला, वाद कशाला, सोसायटीत गव्हाचे ट्रक तोलतात त्या काट्यावर चढवा आणि बघा. ट्रेलर जोडून ट्रक काट्यावर घेतला. कॉफीवाले सगळे बाहेर. काट्यावर सोसायटीची आर्डिस. ती सुगीत आकडे बाहेरच्या कर्ण्यावर सांगते, तसेच आज सांगितले. बोजा १,८०० जास्त. पाणी सोडलं. खुर्ची उतरवली. चेंडू उतरवले, दोन्ही. १,५०० जास्त. लोकांसमोर मी स्पॅनर घेऊन ट्रेलरची दारं काढायला निघालो होतो.

तेव्हा लोरीन खिडकीतून म्हणाली, मी उतरले तर किती कमी होईल?

प्रश्न गणिताचा होता. मी उत्तर दिलं. एकशे अडुसष्ट.

ती उतरली. आर्डिस बिचारी सरळ बाई, काट्यावर दिसलं ते तिने कर्ण्यावर सांगितलं: एकशे ऐंशी. हा काटा वीस-वीस पौंडांनी सरकतो, बारा पौंड काट्याचे, असं मी लगेच सगळ्यांना समजावलं. कुणी ऐकत नव्हतं. सगळे आभाळाकडे बघत होते, ढगाचा पत्ता नसताना.

लोरीन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ट्रेलरमधून बॅग काढली, आपल्या जुन्या गाडीत टाकली आणि शेजारच्या सीटवरचे नकाशे उचलून मागे ठेवले. मला विचारलं, येतोस?

मी म्हणालो, तू हो पुढे, ट्रकचं तेवढं ठरू दे, दोन दिवसांत मागोमाग येतोच. ती म्हणाली, हं, तसंही करता येईल.

म्हणजे राग गेलाय. चांगलं लक्षण.

२९ मे
लोरीन सुखरूप पोचली. एकटीने अकराशे मैल. मला ट्रक लागतो आणि ती त्या डबड्यात पोचते, पण तिला काही ओढायचं नव्हतं ना.

मागे चार चाकांचा ट्रक हवा, हे आता ट्रेंटलाही पटलंय. म्हणजे मला पटलंय. मिळायला आठ आठवडे. नेब्रास्कात एक होता, तो सकाळी विकला गेला. ट्रेंटच्या हातापाया पडलो. खोटं कशाला लिहू, बीजगणितात पास करतो असंही म्हणालो. तो म्हणाला, सर, मी सदतीस वर्षांचा आहे.

जेवण डब्यातल्या घेवड्याचं. शेकोटी चालू केली, बाहेर अठ्ठ्याण्णव डिग्री उकाडा असताना. बेचाळीस फूट घरात एकट्याने कुठे बसावं ते कळत नाही. लोरीनशिवाय मला करमत नाही. आज हे लिहून ठेवतो.

१ जून
मुलगी झाली! पहाटे पाच चाळीसला. मला सातला फोनवर कळलं. नाव अजून ठरायचंय. कुणासारखी दिसते विचारलं तर लोरीन म्हणाली, येऊन बघ.

शनिवारी नक्की निघतो. कसंही करून.

९ जून
शनिवार होऊन गेला. सुगी सुरू झाली. आर्डिसने सकाळी हळूच सांगितलं, मास्तर, गव्हाचे ट्रक लागतील, मागची जागा मोकळी करावी लागेल. वेंडेल त्याचा गुरं वाहायचा ट्रक घेऊन आला, ट्रेलर जोडला आणि आपल्या कुरणात नेऊन लावला. चार मिनिटं. मी मागून हात दाखवत होतो. गरज नव्हती.

दुपारी फोन केला. बाळाची उचकी ऐकू आली. दोन महिन्यांत नवा ट्रक येतोय, मग आपण ठरवल्यासारखंच निघू, असं लोरीनला सांगितलं. शेवटी विचारलं, तू परत कधी येतेस?

ती म्हणाली, परत कुठे, लोवेल?

चिडून नाही. खरंच विचारत होती. मी पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. समोर वेंडेलच्या गायी.

उद्या सव्वा अकराची बॉयझीची बस आहे, सलाइनाहून. वेंडेल सोडतो म्हणालाय. माणशी एक बॅग नेता येते. भरली. दहा मिनिटं लागली.